खुर्चीच्या कडेवर

माझ्या आजाराचं निदान एका मासे विकणाऱ्या बाईने केलं. मी स्वतः त्याच आजाराची शल्यचिकित्सक आहे, पंचवीस वर्षं तो शिकवते आहे, त्यामुळे हे सांगताना थोडी लाज वाटते. पण लाजेपायी काय होतं तेच सांगायचं असल्याने तिथूनच सुरुवात केलेली बरी.

दिवाळी होऊन गेली होती. बाजाराचा दिवस, ओपीडी भरलेली. समोर चंद्राकाकी बसली होती. देवबागची, साठी ओलांडलेली, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरणारी. तिचं अंग बाहेर यायचं. आमच्याकडे बायका या आजाराला असंच म्हणतात. गर्भाशय आपली जागा सोडून खाली उतरतं आणि बसताना, खोकताना, ओझं उचलताना बाहेर येतं. तीन वर्षांपूर्वी मी तिला ऑपरेशन सुचवलं होतं. तेव्हापासून ती आत बसवलेल्या रबरी रिंगेवर दिवस काढत होती आणि दर खेपेला नवं कारण आणत होती.

"काकी, यंदा तरी करून टाकूया," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्याकडे नाही, खुर्चीकडे.

"डॉक्टरबाय, रागाव नकात. तुमी आता माज्यासारख्या बसाक लागलास."

बाजूला उभ्या असलेल्या माझ्या विद्यार्थिनींनी हसू आवरायला वहीत तोंड घातलं. मी खाली पाहिलं. खुर्ची चांगली रुंद होती आणि मी तिच्या डाव्या कडेवर, एका मांडीवर सगळा भार टाकून बसले होते. "बाईला काही विचारण्याआधी ती कशी बसते ते बघा," हे मी दर वर्षी नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी सांगते.

"कंबर दुखता माजी," मी म्हटलं.

"होय तर," काकी शांतपणे म्हणाली. "माजीव पयली कंबारच दुखत होती."

बाजाराच्या पिशव्या

मी या कामात आले ती काही ध्येयाने वगैरे नाही. शिकत होते तेव्हा दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया वशिल्याचे मुलगे घेत, कर्करोगाचं काम हुशार मुलगे घेत, आणि अंग बाहेर येणं, लघवी न थांबणं, बाळंतपणात फाटलेलं नीट न जुळणं, ही 'खालची ओपीडी' उरेल त्याच्या गळ्यात पडे. मी उरले होते. पहिल्या वर्षी रोज राजीनामा लिहायचा विचार करत होते. मग एक बाई ऑपरेशननंतर दीड महिन्याने तपासायला आली आणि म्हणाली, "आज एसटीत बसून आले. अकरा वर्षं उभ्याने येत होते." त्यानंतर मी ती ओपीडी कुणाला घेऊ दिली नाही. पुढे प्राध्यापक झाले, परिषदांतून बोलू लागले, परीक्षक म्हणून गावोगाव गेले. बावीस वर्षं शहरात काढली आणि सहा वर्षांपूर्वी बदली मागून घेऊन इकडे, मालवणच्या बाजूला आले. इथल्या रुग्णालयात पदव्युत्तर मुली माझ्याकडे शिकतात.

आले तेव्हा वाटलं होतं की रांगा लागतील. चार महिने ओपीडीत माशा मारल्या. शेवटी आमच्या वॉर्डच्या सावंत सिस्टरने मला अक्कल शिकवली. ती धामापूरकडची, बोलायला मोजकी.

"मॅडम, बायकांनी घरात काय सांगान येवचा? सासरो इचारता, खंय चललंस? काय सांगतली ती?"

तिच्या सांगण्यावरून ओपीडी बाजाराच्या दिवशी घेतली आणि बायका येऊ लागल्या. प्रत्येकीच्या हातात पिशवी. आधी आमच्याकडे नंबर लावायचा, मग बाजार करायचा, आणि घरी जाताना पिशवीतली भाजी म्हणजे पुरावा. तपासणी लांबली तर बाजार उठायचा आणि बाई रिकाम्या पिशवीने कावरीबावरी व्हायची. म्हणून सिस्टर सकाळीच लाल माठाच्या आणि मुळ्याच्या जुड्या आणवून पाण्याच्या बादलीत उभ्या करून ठेवी. उशीर झालेल्या बाईच्या पिशवीत जाताना दोन जुड्या. मी यावर एका परिषदेत बोलले तर टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या घेऊन खाली उतरले तेव्हा माझी स्वतःची पिशवीही भरलेली होती, फक्त तिला मी 'मणका' म्हणत होते.

मणका

दोन वर्षं मला माहीत होतं. संध्याकाळी जड वाटायचं, शिंकताना जपायला लागायचं, न्हाताना हाताला लागायचं. हाताच्या काकणाला आरसा कशाला? पण मी घरात, कॉलेजात, सगळ्यांना सांगितलं की मणक्यात गॅप आलाय. मणका हा आजार मोठा सोयीचा आहे. तो सभेत सांगता येतो, जावयाला सांगता येतो, त्यावर सगळ्यांकडे उपाय असतो आणि कुणी दाखव म्हणत नाही.

ओपीडीच्या कपाटातली एक रिंग मी स्वतःच स्वतःला बसवली, अंदाजाने. बायकांना मी दर तीन महिन्यांनी रिंग तपासायला बोलावते, आली नाही तर फोन करवते, आल्यावर वर ओरडतेही. माझी रिंग सात महिने कुणी पाहिली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

भीती कसली होती तेही सांगते, कारण ती आजाराची नव्हती. हा आजार मारत नाही, हे मीच हजार जणींना सांगितलं असेल. मला भीती होती ऑपरेशनच्या टेबलापासून दूर होण्याची. माझं वय सत्तावन्न. निवृत्तीला थोडी वर्षं, हाताखाली तीन मुली अर्धवट शिकलेल्या. खालच्या वाटेने करायची ही ऑपरेशनं पुष्कळजण स्टुलावर बसून करतात. मी मात्र उभ्याने, वाकून करत असे, चार चार तास. माझे गुरू तशी करत आणि बसणाऱ्यांना 'दुकानदार' म्हणत. मीही म्हणे. आता ऑपरेशन करून घेतलं आणि नंतर तशी उभी राहू शकले नाही तर माझ्या हातांचं काय करायचं, हा प्रश्न मी कुणाला विचारलाच नाही.

मोजे

काकीचं बोलणं मी महिनाभर झटकून टाकलं. मग एका सकाळी, टेबलाशी उभी असताना, रिंग सरकली आणि पोटातून कळ आली. मी हातातली सुई शर्वरीकडे दिली. शर्वरी इथली माझी पहिली विद्यार्थिनी, आता आमच्याकडेच शिकवते. तिने उरलेलं ऑपरेशन पुरं केलं. मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकले. सिस्टर मागोमाग आली आणि तिने दार लावून घेतलं.

"मॅडम, आता पुरे झाला," ती म्हणाली. एवढंच.

दुपारी शर्वरीने मला तपासलं. आधी तिने माझेच प्रश्न विचारले, माझ्याच क्रमाने, आणि मी सगळ्या बायका देतात तीच उत्तरं दिली. "तसं काही विशेष नाही. कधीतरी." तिने पेन खाली ठेवलं. "मॅडम, तुम्हीच शिकवलंय की 'कधीतरी' म्हणजे रोज." मग मात्र मी रडले. तिने मला रडू दिलं, आणि मग विचारलं, "मुलींना बाहेर पाठवू?"

दारात तीन विद्यार्थिनी उभ्या होत्या. "हो, पाठव," मी घाईने म्हटलं. आणि त्या क्षणी मला आठवलं की पंचवीस वर्षांत मी एकाही बाईला हे विचारलेलं नाही. पाचपाच मुली पायाशी उभ्या करून मी बोट दाखवत शिकवत आले होते. बायका छताकडे बघत पडून राहात. त्यांना चालतं, असं मी धरून चालले होते.

आणखी एक गोष्ट त्या टेबलावर कळली. पाय फार गार पडतात. पाय उंच अडकवून कमरेखाली उघडं पडलं की सगळी भीती पावलांत उतरते. सिस्टरने कुठूनसे लोकरीचे मोजे आणून माझ्या पायात चढवले. आजारपणात माझ्यावर कुणी केलेला पहिला उपकार तो.

रिंगेने आत जखम केली होती. ती भरली की ऑपरेशन, असं ठरलं.

निर्गुडी

आता घरात सांगायचं होतं. माझे यजमान विनायक शाळेत गणित शिकवायचे, निवृत्त झालेत, नारळीची बाग बघतात. माझ्या मणक्यासाठी वर्षभर ते निर्गुडीचा पाला आणून तेलात उकळत होते आणि रोज दिवेलागणीला माझी कंबर चोळत होते. एक दिवस चुकवला नाही. मी पालथी पडून "आज बरं वाटतंय हं" म्हणत असे. डॉक्टर बाई, आणि नवऱ्याकडून भलत्या जागी तेल लावून घेते.

पडवीत बसून मी त्यांना सगळं सांगितलं. मग आत जाऊन त्यांनी तेलाची वाटी मोरीत उपडी केली. दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. पेपर वाचताना पान उलटायचा आवाजही रागाचा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पुढे ठेवून म्हणाले,

"वर्सभर मी भलत्याच जाग्यार तेल चोळी होतंय. तुका माका सांगूक काय झाला?"

"लाज वाटली."

"माजी?"

मी 'हो' म्हणून मान हलवली. त्यांनी स्वतःचा कप न पिताच बाजूला सारला. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांना इतकं दुखावलेलं मी पाहिलं नव्हतं.

"आता काय करूचा तां सांग," शेवटी ते म्हणाले. "तेल सोडून."

इश्वास

माझा बेत असा होता की लांब, कोल्हापूरला जाऊन ऑपरेशन करून घ्यायचं. तिथे एक मित्र आहे, चांगला हात आहे त्याचा. इथे कुणाला कळणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. विनायकांनाही ते पटलं होतं. बॅगसुद्धा भरायला काढली होती.

त्या सकाळी चंद्राकाकी पाटी घेऊन अंगणात आली. बांगडे ताजे होते. विनायक ते निवडत असताना मी बाहेर जाऊन तिला सांगितलं की तुझं निदान बरोबर होतं, काकी. तिला काही नवल वाटलं नाही.

"खंय करतास ऑपरेशन?"

"कोल्हापूराक."

तिने हातातला बांगडा पाटीत परत ठेवला.

"मगे मी तुमच्याकडे कित्याक करू? तुमी शिकयलेल्या चेडवांवर तुमचोच इश्वास नाय, तर मी खंयसून हाडू?"

"इश्वास आसा मुलींवर, काकी. तसा नाय."

"तसाच आसा," ती म्हणाली. "तुमी हय करा. आदी तुमी करा. मगे मी करतंय. नायतर माका परत सांगाचा नाय."

विनायकनी पाटीला हात देऊन ती तिच्या डोक्यावर चढवली. ती फाटकातून गेली, आणि मी बॅग माळ्यावर टाकायला लावली. त्याच दिवशी शर्वरीला फोन केला.

"मॅडम, माझे हात कापतील," ती म्हणाली.

"पहिली दहा मिनिटं कापतात. मग विसरतात. हे तुला शिकवायचं राहून गेलं होतं."

आमचाच वॉर्ड

स्पेशल खोली रिकामी नव्हती. मला माझ्याच वॉर्डात, खिडकीकडची खाट मिळाली. शेजारची बाई आदल्या दिवशी बाळंतपणात उसवलेलं शिवून घेऊन पडली होती, मला ओळखून ती उठायला लागली. मी म्हटलं, "पडून रव गो." दिवसभरात सगळ्या वॉर्डाला कळलं की मोठ्या डॉक्टरबाईचंही अंग बाहेर येतं. जे मी दोन वर्षं जिवापाड लपवलं ते संध्याकाळपर्यंत जेवणाच्या गाडीवाल्यालाही ठाऊक होतं, आणि काहीच झालं नाही. कुणीतरी मला आपल्याकडचा कुळीथ आणून दिला.

ऑपरेशनात कमरेखालचं बधिर केलेलं होतं, मी जागी होते. शर्वरीचा आवाज ऐकू येत होता. "दोरा." "कापा." "उजेड इकडे." सगळे शब्द माझे. पहिली काही मिनिटं ती फार हळू बोलत होती, मग नेहमीसारखं बोलू लागली, आणि मला निर्धास्त वाटून चक्क डुलकी लागली.

नंतरचे दिवस सोपे नव्हते, ते खोटं सांगणार नाही. लघवीची नळी काढल्यावर पहिल्यांदा आपसूक होईपर्यंत जीव टांगणीला लागतो. मी न्हाणीघरात बसून परीक्षेच्या निकालासारखी वाट पाहिली. झाली तेव्हा बाहेर उभ्या सिस्टरला मी मोठ्याने सांगितलं, आणि वॉर्डातल्या बायका हसल्या. शौचाची भीती त्याहून मोठी, टाके तुटतील असं वाटतं. तुटत नाहीत. पाणी प्या, पातळ पेज प्या, आणि सांगितलेलं औषध लाजून टाळू नका. चौथ्या दिवशी सिस्टरने माझे केस विंचरून वेणी घातली. आई गेल्यापासून कुणी माझी वेणी घातली नव्हती.

भरलेली कळशी

घरी आल्यावर तीन महिने काही उचलायचं नाही. हे मी बायकांना कागदावर लिहून देते. कागदावर एक ओळ असते. प्रत्यक्षात घरातली प्रत्येक वस्तू तुमच्याकडे बघून 'उचल' म्हणते. कळशी, कुकर, ओल्या कपड्यांची बादली. विनायकनी स्वयंपाक ताब्यात घेतला. पहिले आठ दिवस कुळथाच्या पिठीत गुठळ्या होत्या, नववा दिवस बरा गेला. मला मात्र त्यांना काम करताना बघवेना. एकदा ते नारळीत गेले असताना मी भरलेली कळशी उचलायला हात घातला. ते दारातून ओरडले नाहीत. नुसते येऊन कळशी घेऊन गेले आणि म्हणाले, "आता काय झाला तर मी खंय तेल लावू, तां पण सांगून ठेव." त्या चेष्टेने मला कळलं की राग गेला.

स्नायू आवळायचा व्यायाम रोज केला. माझ्या विद्यार्थिनीच फोन करून विचारत, "मॅडम, केला?" मी त्यांना खोटं सांगायची. मग खोटं सांगायचा कंटाळा आला म्हणून व्यायाम करू लागले. काजूला मोहोर आला, गळला, बी धरली. त्या सुमाराला एकदा जेवायला बसले आणि अर्धं जेवण झाल्यावर लक्षात आलं की मी पाटावर नीट, दोन्ही बाजूंनी, पूर्ण टेकून बसले आहे. मला केव्हापासून तसं बसता येऊ लागलं होतं ते आठवेना.

उपडी पाटी

कामावर परत गेले, पण ऑपरेशनं शर्वरीला करू दिली. मी मागे खुर्चीवर बसून बघत असे. तपासणीच्या खोलीत मोज्यांची टोपली आली. विद्यार्थिनी आता आत येण्याआधी बाईला विचारतात, आणि कुणी नको म्हणाली तर दाराबाहेर थांबतात. बऱ्याचजणी 'येवंदेत' म्हणतात. विचारल्यावर म्हणतात, हा फरक. पण सुई हातात घ्यायला मी उद्या उद्या करत होते. शर्वरी दर आठवड्याला ऑपरेशनांची यादी माझ्यासमोर ठेवत होती.

पावसाळ्याची मासेमारीबंदी लागली आणि पहिल्याच आठवड्यात, बाजार नसलेल्या वारी, चंद्राकाकी ओपीडीच्या दारात उभी राहिली. हात मोकळे. मागे तिची सून, तिच्या हातात कपड्यांचं बोचकं.

"काकी, आज बाजार नाय," मी म्हटलं.

"माका म्हायत आसा. मी बाजाराक नाय इलंय. होड्यो वर काढल्यो, पाटी धुवन उपडी घातलंय. करतास मां?"

"घरात काय सांगलास?"

"काय आसा तां सांगलंय."

मी शर्वरीकडे पाहिलं. शर्वरीने यादीवर काकीचं नाव लिहिलं आणि पुढे सर्जनच्या रकान्यात, मला न विचारता, माझं.

टेबलावर काकी जागी होती, पायात लोकरीचे मोजे. माझे हात कापत होते, मी ते धुताना लपवले. कापडाच्या पलीकडून तिचा आवाज आला.

"डॉक्टरबाय, चार तास उब्या रवशात? सोसतला तुमका?"

"उबी नाय रवणय, काकी. बसान करतलंय."

सिस्टरने स्टूल पुढे सरकवलं. तीन विद्यार्थिनी बघत होत्या. मी बसले.

"नीट बसल्यात?" काकीने विचारलं. प्रश्न मला नव्हता. सिस्टर वाकून माझ्याकडे बघून आली.

"बसल्यात, काकी. पुऱ्या बसल्यात."

"मगे करा चालू," काकी म्हणाली.